‘सी’च्या पोटातली रेघ

दिव्या पुण्याहून परत आली आणि मला जेवण गोड लागेनासं झालं. पियानोवर पहिलं बोट तिनं माझ्याकडेच ठेवलं होतं. आता इथल्याच कॅम्पात तिचा क्लास आहे आणि आमच्या वडगावातले पालकसुद्धा मुलांना स्कूटरवर घालून तिकडे निघालेत. माझ्याकडे हुशार अशी एकटी आरोही उरली. रविवारच्या स्पर्धेत ती काय वाजवते, यावर माझी सगळी इभ्रत टांगलेली.

तीच आरोही काल मोबाइल पुढे करून म्हणाली, “आक्का, दिव्याक्कांनी आपल्या सोनाटाच्या जुन्या प्रती पाठवल्यात. पहिल्या छपाईत सुरुवातीच्या ‘सी’च्या पोटात उभी रेघ हाय. आपल्या पुस्तकात न्हाय.”

सुरुवातीचा ‘सी’ म्हणजे मात्रा कशा मोजायच्या त्याची खूण; त्यात ती रेघ असली की सुरांच्या ओळीतल्या प्रत्येक घरात चार नव्हे, दोन मात्रा मोजायच्या. रखडत चालणारी सुरावट एकदम हलकी होते. पण मला रेघेचं काय पडलं होतं!

“तिच्याकडं कधी गेलतीस गं?”

“गेलते न्हाय. जैन बस्तीत दर्शनाला आलत्या, तिथं भेटल्या.”

दिव्याला खोटं पाडायचंच म्हणून आज दुपारभर मी नेटवर बसले. व्हिएन्ना, लाइपझिग, पॅरिस; जी जुनी प्रत उघडावी तिच्यात ती रेघ माझ्या नाकावर टिच्चून उभी. गाळली होती ती माझ्याच पुस्तकाच्या संपादकानं, तीही पुष्कळ वर्षांनी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी आरोही वाजवायला बसली. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. माझे सगळे विद्यार्थी नकळत त्या खटखटीवरच मात्रा मोजतात, मीसुद्धा. मध्येच लाईट गेली, माग थांबले आणि आरोहीचा हात आपोआप दोन मात्रांत निघाला. इतकं सुंदर वाजलं की मला दिव्याचा रागच आला.

“थांब,” मी म्हणाले. “जुन्या प्रतींत छपाईच्या लई चुका असतात. चारच मात्रा मोज. हळू.”

“व्हय, आक्का.” एवढ्या लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं. मला आतून गुदगुल्या झाल्या.

“आणि दिव्याला काय सांगशील?”

“त्याच म्हणाल्या की, राजश्रीआक्कांचं मन मोडू नको, त्या सांगतील तसंच वाजव. बक्षीस गेलं तर गेलं.”

मेली चांगलं वागायचंसुद्धा सोडत नाही! आरोही पुन्हा पहिल्यापासून चार मात्रांत वाजवू लागली आणि मी तिला थांबवलं नाही.