दीड वितीवरचा फास

अकरा हिवाळे वाट पाहिल्यावर तौनो हाल्मेला सोडतीत मांजराचा परवाना लागला, आणि नेमका त्याच वर्षी त्याच्या हृदयाने संप पुकारला. मांजर म्हणजे चुलीपाशी लोळणारं नव्हे. आखूड शेपटीचं, जाड पंजांचं बॉबकॅट. परवान्यावर एकच मारता येतं, आणि सोडत निघाली की विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडची अर्धी माणसं नशिबाला शिव्या देत बसतात. तौनोने त्या अकरा वर्षं दिल्या. शेवटी पत्र घरात आलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला जिनासुद्धा चढायला बंदी केली होती.

मग रानात चालायचं कोणी? ऐलीने, म्हणजे त्याच्या बायकोने. दुसरं होतंच कोण! एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिने कातडी ताणली, वास जावा म्हणून तारा उकळल्या, रक्ताळलेले कोट धुतले, पण फास मात्र कधी लावला नव्हता. एकाहत्तराव्या वर्षी, उजव्या खुब्यात कायमची कळ घेऊन, ती ते शिकली. शिकवणारा पिकअपमध्ये हीटर लावून बसलेला असे.

गेले पाच आठवडे हेच चाललं होतं. पहाटे पाचला उठायचं, थर्मासात कॉफी भरायची, वेलदोड्याचा पाव फडक्यात बांधायचा, म्हाताऱ्याला बूट चढवायचे. लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्याच्या टोकाला गाडी उभी करायची. तिथून पुढे ऐली एकटी. जाऊन येऊन तीन मैल आणि सात फास. एक बीव्हर प्राण्याने ओढ्यावर रचलेल्या बांधावर, एक आडव्या पडलेल्या सीडरच्या झाडापाशी, बाकीचे गोठलेला ओढा आणि दाट झुडपं यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर. तौनो म्हणायचा, "जनावर आपल्यासारखंच आळशी. सोपी वाट असली की तीच धरतं. आपण फक्त त्या वाटेवर उभं राहायचं."

फास म्हणजे पीळ दिलेल्या तारेचं कडं. आत मान गेली की आवळतं, पण ठरावीक जागी थांबतं. जनावर मरत नाही, पट्टा बांधलेल्या कुत्र्यासारखं बसून राहतं. म्हणून तर रोज बघायला जावं लागे. ताप असो, उणे वीस असो, रविवार असो. तौनोने तिला एक काठी कापून दिली होती, तिच्यावर चाकूची खूण. "फासाची खालची कड या खुणेला. जमिनीपासून दीड वीत. एक बोट इकडे तिकडे नको." ऐलीने एक बोट इकडे तिकडे केलं नाही.

तरी मांजर लागेना. चार वेळा तर तिने स्वतः पाहिलं, पावलं सरळ येऊन फासाखालून पुढे गेलेली. "अरे, हे खालून जातंय," तिने सांगितलं. तौनो शांतपणे म्हणाला, "हलवू नकोस. एखाद्या दिवशी मान वर करून जाईल." चाळीस वर्षं ज्याने रान तुडवलं त्याच्याशी वाद कोण घालणार? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खुबा ओढत गेली.

आता मोसम संपायला चार दिवस उरले होते आणि ऐली थकली होती. रात्री झोपून सकाळी उतरतो तसला तो थकवा नव्हता. शनिवारी सौनाच्या वाफेत बसलं तरी तो हाडातून निघेना. तिला एवढंच हवं होतं, की म्हाताऱ्याची अकरा वर्षं फुकट जाऊ नयेत, ते मेलं मांजर एकदाचं लागावं, आणि आपल्याला आठ वाजेपर्यंत झोपायला मिळावं.

रात्रभर बर्फ पडून सकाळी उघाडलं. तौनोने गाडीची काच दोन बोटं खाली केली.

"बर्फ बरा पडलाय. सगळे फास वर घे. पुन्हा खुणेला आण."

"सगळे? म्हणजे सात वेळा गुडघ्यावर बसायचं! मग उठवायला कोण येणार, तुझा बाप?"

"माझा बाप कुणाला उठवायचा नाही. पाडायचा फक्त."

"मुलगा त्याच्यावरच गेलाय," असं म्हणून ती निघाली.

पहिले दोन फास तिने वर घेतले. दुसऱ्यापाशी उठताना झाडाला धरून बराच वेळ उभी राहिली. तिसऱ्याकडे वळली आणि थबकली. फरच्या झाडाखाली बर्फ गोल तुडवलेला होता आणि मधोमध मांजर बसलं होतं. मोठा बोका. गळ्यात तार, कान मागे पाडलेले. तो गुरगुरला, पण उठला नाही. रात्रभर ओढून ओढून तोही दमला असावा.

ऐलीला आनंद झाला. अगदी डोळ्यांत पाणी येण्याइतका झाला. मग तिची नजर वाटेवर चार पावलं पुढे असलेल्या चौथ्या फासाकडे गेली, आणि तिने सवयीने त्याच्याशेजारी काठी उभी केली. बर्फामुळे जमीन वर आली होती. फास खुणेच्या पाच बोटं खाली होता.

ती काठी धरून तशीच उभी राहिली. पाच आठवडे फास खुणेवर होते, तेव्हा मांजर खालून निघून जात होतं. एका रात्रीत पाच बोटं खाली आले, आणि मांजर लागलं. हे तिला कळत होतं, मग चाळीस वर्षं रान तुडवलेल्या माणसाला कळत नव्हतं? आणि आज सकाळी पहिलं वाक्य काय, तर सगळे फास वर घे.

दोनशे पावलं ती मागे आली. गाडीचं दार उघडून म्हणाली, "मांजर लागलंय. तिसऱ्यात."

अकरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाचा चेहरा उजळायला हवा. तौनोचा पडला.

"फास वर घ्यायचे राहिले का?" त्याने विचारलं.

"दीड वीत!" ऐलीचा आवाज फाटला. "दीड वितीखालून मांजर काय, तुझी आईसुद्धा टोपी न काढता गेली असती! पाच आठवडे, तौनो. हा खुबा घेऊन. का?"

हाल्मे घराण्यातले पुरुष बोलायची वेळ आली की खिडकीबाहेर बघतात. तौनोनेही तेच केलं.

"मांजर मिळालं असतं तर दुसऱ्या दिवशी तू तारा काढल्या असत्यास."

"मग? काढायच्याच असतात."

"मग तू स्वयंपाकघरात आणि मी त्या खुर्चीत. संपलं. इथे तू रोज येऊन सांगायचीस. कोल्हा कुठून गेला, साळिंदराने काय कुरतडलं. एकोणपन्नास वर्षांत तू माझ्याशी एवढं बोलली नव्हतीस."

"तू कधी विचारलं नव्हतंस."

"नाही," तौनो म्हणाला.

"अरे, मग सांगायचं ना, की सकाळी मला जरा गाडीतून फिरवून आण म्हणून!"

"असं कुणी सांगतं का?"

खरंच, त्यांच्यात असं कुणी सांगत नसे. शेजाऱ्याकडे करवत मागता येई, अडल्यावेळी मीठही. माझ्यापाशी बस, हे मागायची मात्र कुणाला सवय नव्हती. म्हणून या बहाद्दराने सात खोटे फास लावले होते, तेही बायकोच्या हातून. ऐलीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीसाठी अंगात त्राण नव्हतं.

"सोडून देऊ त्याला," तो हळूच म्हणाला. "तू काठीने दाबून धर, मी तार कापतो. चार दिवस आहेत अजून."

"नाही."

"ऐली..."

"ते मांजर माझ्या पायांनी मिळवलंय. परवाना तुझा आहे, तेव्हा गोळी तू घालायचीस. उतर खाली."

सीटमागची बंदूक घेऊन तो उतरला. दोनशे पावलांत तो तीनदा थांबला, तिच्या खांद्यावर भार टाकून, ओठ निळसर. प्रत्येक वेळी तीही थांबली. बोक्यासमोर आल्यावर त्याने बंदूक वर केली. एकच गोळी लागली. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "देखणा होता."

बोका तिनेच गाडीपर्यंत आणला. उरलेल्या तारा काढायला पुन्हा तीच गेली. परत आली तेव्हा तौनो बोक्याच्या पाठीवर हात ठेवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी आठपर्यंत झोपायचं, हे तिने पक्कं ठरवलं होतं. पाचला डोळा उघडला. शेजारी तौनो जागाच होता, भिंतीकडे तोंड करून. रोज यावेळी तो धापा टाकत का होईना, उठून बसलेला असे. आज हलला नाही. उठायचं कशासाठी?

ऐली पडून राहिली. खुबा ठणकत होता. तिला खरोखर झोपायचं होतं. म्हाताऱ्याला तिने मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या दिल्या. मग उठली, कॉफी भरली, बाहेर जाऊन पिकअप सुरू केली, त्याच्या बाजूच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडून काढलं, आणि त्याचे बूट घेऊन खोलीत आली.

"ऊठ."

"कशाला? तारा काढल्यास ना?"

"काढल्या."

"मग जायचंय कुठे?"

"मला काय माहीत! गाडी सुरू आहे, पेट्रोल जळतंय. बूट घाल."

तौनो हळूहळू उठून बसला. पायांनी बूट चाचपू लागला. "आणि तू? चालणार आहेस?"

"एक पाऊलही नाही," ऐली म्हणाली. "आज तू बोलायचंस."