रुचाने विचारलं

रुचाचा दात पडला आणि स्वरदाचा शनिवार फुकट गेला.

दुपारी मंजिरी मावशी आणि ती मेट्रोने नेटबॉलचे बूट आणायला जाणार होत्या. दोघीच जायचं, असं मावशीने आठवडाभर कबूल केलं होतं. पण सहा वर्षांची रुचा दाताच्या खाचेत जीभ घालून रडायला लागली. मावशीने आपल्या लेकीला उचलून ओट्यावर बसवलं, तिचे गाल पुसले, दात वाटीत ठेवला.

"स्वरू, हिलाही नेऊ या का गं? आज ही बाबाबरोबर घरी थांबायची नाही."

"तुम्हीच जा. मला नकोयत बूट."

"काल तर केवढ्या उड्या मारत होतीस."

स्वरदा बोटाच्या नखाजवळची साल ओढत राहिली. सकाळपर्यंत मावशी जगातली सगळ्यात चांगली बाई होती. आता ती खोटारडी झाली होती. मधलं काही स्वरदाला सुचत नसे.

बारा वर्षांची स्वरदा जानेवारीत मेलबर्नमधल्या ट्रुगानिनाहून मावशीकडे कॅसल हिलला आली होती. तिच्या दंडावरचे वळ शाळेत कुणाला तरी दिसले, चौकशी झाली, तेव्हा मावशी मेलबर्नला आली आणि तिला घेऊन गेली. वळ कधीच गेले होते. स्वरदाच्या लक्षात राहिला तो आईचा अबोला. मार संपला की तो सुरू व्हायचा. ताट पुढे यायचं, शब्द यायचा नाही. "हिला सांग, वाटेत उभी राहू नकोस म्हणावं," असं आई बाबांना सांगायची, आणि स्वरदा तिथेच उभी असायची. फारच बिनसलं तर तिला गॅरेजमध्ये बसावं लागे. मग एखाद्या सकाळी आई "माझं बाळ ते" म्हणून जवळ घ्यायची. हे का आणि ते का, दोन्ही तिला कळायचं नाही.

टर्म संपली की तिने कुठे राहायचं ते ठरणार होतं. मावशी त्याबद्दल फोनवर हळू आवाजात बोलायची. स्वरदा जिन्यात बसून ऐकायची, पण निम्मंच ऐकू यायचं.

बूट आणायचे राहिले. मावशी कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. रुचा वाटी हलवून दात वाजवत बसली होती. तिचं रडणं केव्हाच थांबलं होतं, आणि तेच स्वरदाला सहन होईना.

"तुझी आई आता तुझ्याशी बोलणार नाहीये," ती म्हणाली.

"हाऊ कम?"

"तू रडून सगळं बिघडवलंस ना, म्हणून. अबोला म्हणतात त्याला. पुष्कळ दिवस चालतो."

स्वरदा तिचा चेहरा निरखत राहिली. आता हिचा चेहरा उतरेल. ही न सांगता चमचे पुसून ठेवेल, आईच्या मागे मागे फिरेल, नको असलेलं पाणी नेऊन देईल. पुढचं सगळं स्वरदाला पाठ होतं.

रुचा उठली आणि तडक अंगणात गेली. तिने मावशीचा कुर्ता ओढला.

"आई, आर यू नॉट टॉकिंग टु मी?"

"कोण म्हणालं?"

"स्वरूताई. मी रडले म्हणून."

"काहीतरीच. धर हा चिमट्यांचा डबा."

रुचाने डबा धरला. झालं. तिच्यापुरती गोष्ट संपली.

स्वरदा जाळीच्या दाराआड उभी होती. रुचाच्या पाप्यांचा, तिच्या हट्टांचा, ओट्यावर उचलून बसवण्याचा हेवा तिला रोजच वाटायचा. पण हा हेवा वेगळाच होता. रुचाने जाऊन विचारलं. भीती वाटली नाही तिला. आणि विचारल्यावर तिला उत्तर मिळालं.

मावशी वळली. "स्वरदा," ती म्हणाली. पूर्ण नाव.

स्वरदा आपणहून गॅरेजमध्ये गेली आणि गाडीच्या चाकाला टेकून बसली. थोड्या वेळाने मावशीने दार उघडून दिवा लावला.

"इथे काय करतेस?"

स्वरदाने गुडघे जवळ ओढून घेतले.

"बोल ना. मी रागावलेय, ते बरोबर ओळखलंस. बारक्या पोरीला असलं काही सांगतात?"

स्वरदा चाकाकडे वळली. मग मावशीला काहीतरी उमगलं असावं, कारण ती दाराजवळच्या पायऱ्यांवर बसली.

"तुझी आई तुला असं गॅरेजमध्ये बसवायची का गं?"

स्वरदाने होकारार्थी मान हलवली.

"मी नाही बसवणार. मी रागावले की बडबडते. काकाला विचार. कान किटतात त्याचे."

फ्रिजरचा आवाज येत होता. स्वरदाने चाकाच्या खाचेतला खडा काढला आणि पुन्हा तिथेच बसवला. रुचाने कुर्ता ओढला होता. स्वरदाला तेवढं जमेना. ती चाकालाच म्हणाली, "आर यू सेंडिंग मी बॅक?"

"नाही. कालच कळवलंय मी चौकशीवाल्या लोकांना, ही इथेच राहील म्हणून. तुला आज मेट्रोत सांगणार होते."

"आणि आजचं?"

"आजच्याबद्दल रुचाची माफी मागायची. चल, पोहे गार होतायत."

टेबलावर रुचा मावशीच्या शेजारच्या खुर्चीत आधीच बसली होती. दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. स्वरदाने दोन्ही खुर्च्या मावशीपासून किती लांब आहेत ते पाहून घेतलं, "सॉरी" म्हणाली, आणि आपली खुर्ची थोडी मावशीकडे सरकवून बसली.