दोरी उलटी ओढली गेली

मी झोळी बोलतेय. दोरी उलटी ओढली गेली, तिथूनच सांगायला घेते.

एरवी दोरी एकाच बाजूने ओढली जाते. तिचं एक टोक माझ्या कडेला असतं आणि दुसरं वर्षाच्या पायाच्या अंगठ्याला. वर्षा भिंतीला टेकून साड्यांचे लोंबते धागे कापत बसते. घरबसल्या मिळालेलं काम आहे ते. अंगठा हलला की मी हलते, आणि माझ्या पोटात चंचल झोपते. तिची लेक, दीड-पावणेदोन वर्षांची. आज दुपारी मात्र वर्षाचा अंगठा थांबला होता, कारण हातातला धागा जरीत अडकला होता. तेवढ्यात माझ्या बाजूने दोरीला हिसका बसला. बारीकसाच. मग आणखी एक.

वर्षा दचकली. तशी ती कशालाही दचकते. कुकरची शिट्टी झाली तरी छातीवर हात ठेवते. मग तिची तिलाच लाज वाटली आणि ती हसली.

"उठली का गं माझी चिमणी? आईचा अंगठा ओढते का?"

आणि तिने मला मोठा झोका दिला.

चंचल उठली नव्हती. ती खेळतही नव्हती. मला ते कळलं होतं, पण मला हाक मारता येत नाही.

तुम्ही म्हणाल, फडक्याला काय कळतं? अहो, जे लेकरू दिवसभर अंगाला चिकटून असतं, त्याची नस नि नस कळते. कुशीवर वळलं तर वजन कुठे सरकतं, स्वप्नात हसलं तर पोट कसं हलतं, खोटं खोटं झोपलं तर पाय कसे ताठ ठेवतं, सगळं. आज सकाळपासून ती माझ्या अंगाला चटके देत होती. त्यात वरून ब्लँकेट. मी काही सुती नाही, माझ्यातून वारा खेळत नाही. आत नुसती भट्टी झाली होती.

मी मुळात साडी. इथलीच, सुरतच्या पांडेसऱ्याची. एका मिलमध्ये माझ्यावर कैऱ्या छापल्या आणि छापताना कुणाचा तरी हात सरकला. कैरीची रेघ एकीकडे आणि तिचा पिवळा रंग शेजारी सांडलेला. व्यापाऱ्याने मला उलटून पाहिलं, "डेमेज" म्हणाला आणि बाजूला भिरकावलं. त्याच मिलमध्ये रंगाच्या मशीनवर काम करणाऱ्या कुंदनने मला उचललं आणि नव्या नवरीसाठी घरी आणलं.

"रंग सांडलाय हिचा," वर्षा म्हणाली.

"निऱ्यांमा दडी जाई," कुंदन म्हणाला. तो घरात अहिराणीच बोलतो.

आणि खरंच दडला. वर्षा मला नेसून गावी गेली, तेव्हा बायका पदर बोटांत चोळून म्हणाल्या, "सुरतनी शे ना? हात लावताच समजस!" तेव्हा मी केवढी फुगले होते!

मग चंचल झाली. वर्षाच्या सासूबाई, मंगलाबाई, बाळंतपणाला आल्या. त्यांनी पेटीतून नेमकी मलाच काढली, दुहेरी घडी घातली आणि छताच्या कडीला गाठ मारली. गाठ पक्की बसली का ते बघायला स्वतः माझ्यावर लोंबकळल्या. चांगल्या जाडजूड बाई! मी करकचले, पण सुटले नाही. "माले धरी राहिनी, मग पोरनं काय?" म्हणाल्या आणि तान्ही चंचल माझ्यात ठेवली. कैऱ्यांचा रंग कुठे सांडलाय हे त्यानंतर कुणी पाहिलं नाही.

वर्षाला मात्र माझीही भीती वाटायची. गाठ सुटली तर? कडी निसटली तर? ती बी.ए. झालेली आहे, अमळनेरच्या कॉलेजात. पण शिक्षणाने भीती जात नाही, उलट तिला नावं मिळतात. चंचल माझ्यात झोपली की वर्षा मोबाइलवर शोधत बसायची. मुलाने मणी गिळला तर काय करावं, मूल भाजलं तर काय, तापात डोळे फिरवले तर काय. बघता बघता अंगावर काटा यायचा, तरी बघायची. आणि चंचलला साधी शिंक आली तरी कुंदनला फोन.

परवाच तो जेवताना म्हणाला, "तुना फोन वाजना का मुकादम म्हणस, कुंदन, तुनी पोर शिंकनी वाटस!"

तो हसला. वर्षा नाही हसली. तिने मनाशी ठरवलं, आता उगाच फोन करायचा नाही.

म्हणून आज सकाळी चंचलचं अंग तापलं तेव्हा तिने कुंदनला कळवलं नाही. गावी मंगलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पोरले गुंडाई ठेव, वारा लागू देऊ नको." वर्षाने मोबाइलवर वाचलं होतं की तापात गुंडाळू नये. पण सासूबाईंनी पाच मुलं वाढवलेली, आणि आपण काय, मोबाइल बघणाऱ्या. तिने औषधाचा डोस पाजला, ब्लँकेटही घातलं आणि लेकीला माझ्यात ठेवलं.

तर दोरी हिसके देत होती. वर्षाने दुसरा झोका दिला. झोका गेला आणि परत येताना मध्येच अडखळला, कारण आत चंचल लाकडासारखी ताठ झाली होती आणि तिच्यासोबत मीही थरथरत होते. दोरी तणतण करायला लागली. आता वर्षाचा अंगठा तिला ओढत नव्हता, दोरीच अंगठ्याला ओढत होती.

वर्षाचं हसू तोंडावरच थिजलं.

ती उठली, अंगठ्याची दोरी सोडायचं भानच नाही, धडपडत आली आणि माझी कड बाजूला केली.

चंचलचे डोळे वर गेले होते. नुसतं पांढरं दिसत होतं. दात गच्च आवळलेले, ओठ जांभळे, तोंडाच्या कडेला फेस, आणि हातपाय एका लयीत झटकत होते.

वर्षाच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा मी मिलमध्येही कधी ऐकला नव्हता.

तिने लेकीला उचलायला हात घातला, पण ताठ झालेलं मूल माझ्या घडीतून निघेना. खांदा अडकला. मी सैल व्हायचा प्रयत्न करत होते, पण वजनाने आणखीच आवळत होते. अखेर तिने हिसडा देऊन चंचलला बाहेर ओढलं आणि ब्लँकेटसकट छातीशी धरून जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"भानुबेन! भानुबेन!"

समोरच्या खोलीतल्या भानुबेन हाताला पीठ तसंच घेऊन धावत आल्या. वर्षाच्या आईच्या वयाच्या, तोंडाने तिखट.

"शुं थयुं? अरे शुं..." त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि पिठाचा हात तोंडावर गेला. "ओ मारी मा! खेंच! आने तो खेंच आवी, वर्षा, खेंच!"

आणि वर्षाने खेचलं.

तिच्या मराठी कानाने मराठीच शब्द ऐकला. खाली बसून तिने चंचलच्या दोन्ही मुठी धरल्या आणि ते झटकणारे, आखडलेले हात ताकदीने सरळ खेचायला लागली.

"एय! पागल थई छे? हाथ तूटी जशे छोकरीना! छोड! छोड एने!"

"तुम्हीच तर म्हणालात खेच!"

"में क्यां कीधुं? खेंच आवी, एम कीधुं! खेंच एटले... एटले..." भानुबेनना शब्द सापडेना. त्यांनी स्वतःचेच हात आखडून, डोळे फिरवून दाखवले. "फिट! फिट आवी छे!"

फिट. हा शब्द दोघींनाही कळत होता.

वर्षाने मुठी सोडल्या, विस्तवावरून हात काढावा तशा. चंचलच्या मनगटांवर तिच्या बोटांचे लाल ठसे उठले होते.

"चमची लाव," भानुबेन म्हणाल्या, "दांत खोलवा पडशे, जीभ कपाई जशे." त्या स्वतःच मांडणीकडे वळल्या.

"नाही!"

भानुबेन थबकल्या. वर्षा कुणाला 'नाही' म्हणाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही.

"तोंडात काही घालायचं नाही. चमचा नाही, पाणी नाही, काही नाही. कुशीवर झोपवायचं. कुशीवर..." वर्षाचे दात कडकडा वाजत होते, पण शब्द बाहेर पडत होते. जे बघून बघून ती रोज घाबरायची, तेच आता तिला तोंडपाठ येत होतं. "खाली काहीतरी घालायला पाहिजे. फरशी कडक आहे."

तिने वर पाहिलं आणि मला धरून ओढलं. मंगलाबाईंच्या वजनाने न सुटलेली गाठ, काय सांगू, एका हिसक्यात सुटली. मी भस्सकन खाली आले. वर्षाने मला फरशीवर पसरलं, ब्लँकेट दूर भिरकावलं आणि चंचलला माझ्यावर कुशीवर निजवलं. गळ्याजवळची बटणं काढली. तोंडातला फेस माझ्या कैऱ्यांवर ओघळला.

"भानुबेन, एकशे आठला लावा ना. मला नंबर दाबता येत नाहीये."

भानुबेन पिठाच्या बोटांनीच फोन लावून दारात उभ्या राहिल्या आणि मोठमोठ्याने पत्ता सांगायला लागल्या. "पांडेसरा, पाणीनी टांकी पासे... हा, नानी छोकरी छे, ताव छे, खेंच आवी छे... ना, मोंमां कंई नथी नाख्युं. एनी मा ना पाडे छे!"

मग झटके हळूहळू विरळ झाले. एक. थोड्या वेळाने आणखी एक. मग आलाच नाही.

मला वाटलं, सुटलो. पण नाही. तोवर निदान ती हलत तरी होती. आता चंचल माझ्यावर नुसतीच पडली होती. पिळून टाकलेल्या फडक्यासारखी सैल. झोपलेल्या मुलाचं वजन असं नसतं हो. झोपलेलं मूल आपलं वजन आपण धरून असतं. हिने सगळंच माझ्यावर टाकलं होतं.

वर्षाने तिच्या नाकाशी कान नेला. श्वास होता. बारीक, घुरघुरता, पण होता. ती म्हणाली, "आहे, आहे," आणि लगेच पुन्हा कान नेला, जणू मधल्या क्षणात गेला असेल.

मग तिने कुंदनला फोन लावला.

रंगाच्या मशीनवर माणूस बनियनवर काम करतो. शर्ट खुंटीला आणि फोन शर्टाच्या खिशात. भोवती मशीनचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी तिथलीच, मला माहीत आहे. खुंटीवर तो शर्ट थरथरत असेल आणि कुणाच्या लक्षात येत नसेल. किंवा मुकादमाने ऐकलं असेल आणि म्हणाला असेल, शिंकनी वाटस.

रिंग संपली. एक बाई गोड गुजरातीत म्हणाली की आपण लावलेल्या नंबरवरून उत्तर मिळत नाहीये. वर्षाने पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई. मंगलाबाईंना लावला. त्या शेतात असणार, फोन घरी. आपल्या आईला लावला, तर तो लागेचना.

"उचला ना," वर्षा फोनला म्हणाली. "कुणीतरी उचला ना. या वेळी खरं आहे."

"आवे छे, बेटा. गाडी नीकळी गई," भानुबेन दारातून म्हणाल्या. "हुं नीचे जाऊं छुं, गली देखाडवा." आणि त्या जिना उतरत गेल्या.

खोलीत आम्ही तिघी उरलो.

मी आत्ता अशी आहे. छताला नाही, फरशीवर, चुरगळलेली, लाळेने भिजलेली, सांडलेल्या रंगासकट उघडी. यापुढे मला कुणी कडीला बांधेल असं वाटत नाही. वर्षाला ते जमायचं नाही. फाडून पोतेरं केलं तरी चालेल, बाहेर फेकलं तरी चालेल. माझं एवढंच म्हणणं आहे, तुम्ही कोणी ऐकत असाल तर, की दोरी तिकडून ओढली गेली तर झोका देऊ नका. आधी उठून बघा. आणि घाबरणाऱ्या बाईला हसू नका. एखाद्या दिवशी तिचा फोन खरा असतो.

वर्षाने फोन खाली ठेवला. ओलं फडकं करून आणलं. चंचलचं कपाळ पुसायला लागली, मान, काखा. आणि हाक मारायला लागली. आधी कुजबुजत, मग मोठ्याने.

"चंचल. ए चंचल. चंचल, इकडे बघ ना गं."

काही नाही.

"मी आहे ना इथे. चंचल? उठ ना राणी. चंचू!"

पापणीसुद्धा हलली नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, खिडकीची काच वाजली, आणि वर्षा दचकली नाही. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच पाहिलं. तिच्याकडे दचकायलाही काही उरलं नव्हतं. आवाज फाटला होता, तरी थांबत नव्हती. जिन्यावर कुणीतरी पळत येत होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. माझ्या अंगात जीव असता तर मीही ओरडले असते. दे गं, हाकेला ओ दे. काहीही म्हण.

"चंचल!"

माझ्यावरचं वजन किंचित सरकलं.

एक छोटा, गरम हात उचलला गेला आणि कपाळावरच्या ओल्या फडक्याला त्याने ढकललं.

"नको," चंचल म्हणाली.