माझ्या नाकातली वेसण

मी जपानच्या नदीतला एक म्हातारा आयू मासा आहे. मित्रांनो, माझे वय अजून वर्षाचेही नाही. पण आम्हा आयूंचे आयुष्यच तेवढे असते.

वसंतात आम्ही थव्याने समुद्रातून नदीत चढलो. डोंगराकडच्या खळाळात मला एक सुरेख दगड मिळाला. त्यावरचे शेवाळ खाऊन मी वाढलो. शेजारच्या दगडावर एक ठेंगणा आयू होता. तो इकडे आला की मी त्याला धडक देत असे, मी तिकडे गेलो की तो मला.

एके सकाळी एक परका आयू माझ्या दगडावर आला. मी रागाने त्याच्यावर धावलो आणि त्याच्या शेपटीमागे लोंबणारा गळ माझ्या पाठीत रुतला. तात्सुकिची नावाच्या कोळ्याने त्याला आमिष म्हणून दोरीला बांधून सोडले होते. तो परका आता दमला होता. तो मीठ लावून निखाऱ्यावर गेला आणि त्याच्या जागी माझ्या नाकात वेसण आली.

दमलो तर मीही भाजला जाईन, हे मला कळले. म्हणून तात्सुकिचीने दोरी ओढण्याआधीच मी दुसऱ्यांच्या दगडांकडे जाऊ लागलो. भाऊबंद धावून येत आणि माझ्या शेपटीमागच्या गळात अडकत. ठेंगण्याचे घर तात्सुकिचीला ठाऊक नव्हते. मला होते. मीच तिकडे वळलो.

"फुसाए, बघ, कसा शहाण्या बैलासारखा चालतोय!" तात्सुकिची बायकोला म्हणाला.

"माझं कधी एवढं कौतुक केलंत?"

"तू एवढं ऐकतेस कुठं!"

ते हसले. मलाही, खोटे कशाला सांगू, बरे वाटले.

उन्हाळा सरता सरता मी सारा खळाळ फिरलो, पण कुणी अंगावर आले नाही.

फुसाए पाण्यात वाकून म्हणाली, "अहो, शेवाळ बघा किती माजलंय. खायला कुणी उरलंच नाही."

"आपणच नेले सगळे," तात्सुकिची हळूच म्हणाला.

"मग ह्याला तरी सोडा."

त्याने हात ओले करून माझी वेसण काढली. नाकाला भोक राहिले.

पाणी गार झाले तसा मी अंडी घालायच्या वाळूकडे उतरलो. तिथे थोडेच आयू जमले होते. एका मादीने विचारले, "नाकाला काय झालं रे?"

"दगडाला घासलं," मी म्हणालो.

मित्रांनो, तुम्हाला मात्र खरे सांगितले. नदीवर गेलात तर पोटापुरते घ्या आणि गळ गुंडाळा. तुमचा गळ शेपटीमागे ओढणाऱ्या माशाला थांबायचे धैर्य नसते.