मेलेल्या पेशींची चमक

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेले प्रयोगशाळाप्रमुख सरसुद्धा. रक्तातल्या संरक्षक पेशी ओळखण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं. प्रत्येक जातीच्या पेशीला चिकटणारी अँटिबॉडी वेगळी, तिला जोडलेला चमकणारा रंग वेगळा. पेशी एकेक करून लेझरच्या यंत्रातून गेली की रंगावरून तिची जात कळते. ताईने दोन वर्षं खपून नऊ रंगांचा मेळ जमवला, तेव्हा पडद्यावर पेशींचा एक चिमुकला पुंजका दिसला. तो कुठल्याच माहीत असलेल्या जातीत बसत नव्हता.

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव तिथेच नोकरीला असलेल्या सरांच्या जावयाचं. ताईचं नाव आभारांतही नव्हतं. ती विचारायला गेली, तर सर चष्मा पुसत म्हणाले, "ताई, तुम्ही नळ्याच भरल्या ना?"

ती बाहेर आली, पण ते शब्द काही केल्या पुसले जाईनात.

महिन्याभराने अँटिबॉडीच्या नव्या बाटल्या आल्या, म्हणून तिने सगळं पुन्हा तपासायला घेतलं. मेलेली पेशी कुठलीही अँटिबॉडी चिकटवून घेते आणि खोटीच चमकते. अशा पेशी वगळायला एक खास रंग असतो, पण घाईपोटी सरांनी तो गाळायला लावला होता. या वेळी तिने तो घातला. मेलेल्या पेशी वगळताच पुंजका गायब. तिने तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

ती सांगायला सरांच्या दारापर्यंत गेली. आत सासरे-जावई नव्या विभागाबद्दल बोलत होते. या निबंधाच्या जोरावर तो जावयाला मिळणार होता, फक्त तपासणी समिती येऊन जायची बाकी होती. ताई आल्या पावली परतली आणि चार महिने तिने ओठ शिवून घेतले.

समिती आली. जावयाला यंत्र धड चालवता येत नव्हतं, त्यामुळे प्रयोग दाखवायला ताईलाच बोलावलं. तिने दोन नळ्या लावल्या.

"ही निबंधातली," ती म्हणाली. पुंजका झळकला. "आणि हिच्यात मेलेल्या पेशी वगळल्यात."

या वेळी पडद्यावर पुंजक्याची जागा रिकामी होती.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "या प्रयोगाची आखणी कुणाची?"

"ताईंची," सर घाईने म्हणाले. "सगळं त्यांनीच केलंय."

ताईने निबंध बाईंपुढे सरकवला. "यात माझं नाव शोधून दाखवा."

निबंध मागे घ्यावा लागला. विभाग दुसऱ्यालाच मिळाला. जावई नोकरी सोडून गेला. सरांनी ताईला एकदा जिन्यात गाठून विचारलं, की तुम्हाला आधीच ठाऊक होतं का.

"चार महिने," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सगळ्यांसमोर तोंडघशी पडायला हवे होतात."

तो पुंजका तिचाही होता. तिची दोन वर्षंही त्याच्याबरोबर पाण्यात गेली होती. हे तिला पुरतं कळत होतं. तरीही सरांचा उतरलेला चेहरा आठवला, की तिच्या जिवाला अजून गार वाटायचं.