ड्रेस्लरबाईंचा दिवा

कासेलहून निघाल्यापासून हेनिंगने ती वस्तू एकदाही खाली ठेवली नव्हती. जुन्या निळ्या चादरीत गुंडाळलेला, त्याच्या कमरेच्याही वर येणारा पुठ्ठ्याचा शंकू. फुल्डाला गाडी बदलली तेव्हा तो कडेवर होता, वुर्ट्‌सबुर्गला खांद्यावर, आणि न्यूर्नबर्गच्या जिन्यात तर तान्ह्या बाळासारखा आडवा, एक हात मानेखाली.

उद्या मंगळवार, शाळेचा पहिला दिवस. उद्या सकाळी बायरॉइटच्या शाळेच्या अंगणात पहिलीची सगळी पोरं असे शंकू कवेत घेऊन उभी राहणार. आत खाऊ, पेन्सिली, काय काय. तोंड जाळीच्या कापडाने बांधलेलं. शाळा सुटेपर्यंत आत डोकवायचं नाही, आणि आदल्या दिवशी तर शंकू नजरेलाही पडता कामा नये. फ्रिट्झीचा शंकू मी करणार, असं हेनिंग जूनमध्येच सांगून बसला होता. फ्रिट्झी त्याची सहा वर्षांची लेक. ती आईजवळ, कारोलाजवळ, बायरॉइटला राहायची. तो इकडे कासेलला उंच इमारतींवर क्रेन चालवायचा.

कारोला फोनवर "बरं" म्हणाली होती. मग जरा थांबून म्हणाली, "मी एक दुकानातला आणून ठेवलाय. असू दे आपला."

"कशाला?"

"वाढदिवसाचा केक कोण आणणार होतं, हेनिंग?"

केक घेऊन तो पोचला होता, नाही असं नाही. पण तोवर फ्रिट्झी सोफ्यावर झोपून गेली होती, गालावर दुसऱ्याच कुठल्या केकचं क्रीम.

म्हणून आज त्याने रजा टाकली होती. वेगाच्या गाडीने निम्म्या वेळात पोचला असता, पण ते तिकीट त्याच्या आवाक्याबाहेरचं. त्याच्याकडे महिन्याचा पास होता, हळू गाड्यांचा. सगळ्या गाड्यांच्या वेळा त्याने फोनमध्ये होत्या तरी कागदावरही उतरवल्या होत्या, आणि तो कागद घडीवर फाटेपर्यंत पुन्हा पुन्हा उघडून पाहिला होता.

न्यूर्नबर्गहून ही शेवटची गाडी. आणि हीच खरी डोकेदुखी. पेग्निट्झला तिचे दोन तुकडे व्हायचे. पुढचा बायरॉइटला जायचा, मागचा होफकडे. चुकीच्या भागात बसलेला एक तरी माणूस रोज निघतोच. हेनिंगने फलाटावरची पाटी वाचली, डब्यावरची वाचली, मग समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "हा पुढचाच भाग ना?"

"चाळीस वर्षं याच गाडीने जातेय मी," बाई म्हणाल्या. "अजून तरी पुढचा पुढेच असतो. बसा हो. आणि त्या चादरीत कोण आहे, सासूबाई?"

त्याला हसू आलं. पहाटेपासून पहिल्यांदाच. त्याने चादरीचं टोक वर केलं. पिवळ्या जाड कापडाची क्रेन, तिला खऱ्या दोऱ्याने लटकवलेला आकडा, आणि खाली फ्रिट्झीचं नाव. शेवटचं अक्षर डिंक वाळेपर्यंत जरासं घसरलेलं.

"मुलीला क्रेन?"

"तिलाच हवी होती. पापाची खोली ढगात आहे, असं सगळ्यांना सांगत फिरते."

बाईंनी आकड्याला बोटाने झोका दिला. "मी ड्रेस्लर," त्या म्हणाल्या, जणू आकड्यालाच. मग डबा उघडून आलुबुखारच्या केकचा तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने नको म्हटलं. त्याला वेगळीच घाई होती.

वुर्ट्‌सबुर्गपासून तो लघवी दाबून बसला होता. न्यूर्नबर्ग स्टेशनच्या शौचालयाच्या दारात नाणं टाकावं लागतं. तो तिथवर गेलाही, पण गाडीत फुकट असताना इथे युरो कशाला घालवा, म्हणून मागे फिरला. आता गाडीच्या या भागातल्या शौचालयाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. बंद. आणि दोन भाग एकमेकांना जोडलेले असले तरी आतून जायला वाट नव्हती.

"पुढच्या स्टेशनावर उतरा, पळत मागच्या भागात जा, त्याच्या पुढच्या स्टेशनावर परत या," ड्रेस्लरबाई म्हणाल्या. "मी काही याला खात नाही."

शंकू कलंडू नये म्हणून हेनिंगने आपलं जाकीट त्याच्याभोवती नीट खोचलं आणि दार उघडल्याबरोबर धावला.

मागच्या भागात रांग होती. घट्ट चड्ड्या घातलेले तीन सायकलवाले, तिघेही निवांत. हेनिंग एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. त्याचा नंबर लागला तेव्हा गाडीचा वेग कमी व्हायला लागला होता. असेल एखादं बारकं स्टेशन, त्याला वाटलं. पण बारकी स्टेशनं गाडीने कधीच मागे टाकली होती. तो बाहेर आला तर दारं उघडी, आणि समोरच्या पाटीवर लिहिलेलं: पेग्निट्झ.

त्याने उडी मारली. फलाटाच्या त्या टोकाला दोन लाल दिवे लांब लांब जात होते.

दिवसभर ज्या हातांत शंकू होता ते दोन्ही हात एकदम हलके झाले. बाजारात चालता चालता लेकराचं बोट सुटलेलं असावं आणि ते आपल्याला आत्ता कळावं, तसं.

"चढताय की नाही?" मागच्या भागाच्या दारातून तिकीट तपासनीस बाईने हाक मारली. चांगली दणकट होती.

"माझी गाडी ती. बायरॉइटची."

"ती गेली. इथे थांबलात तर तास जाईल. यातच बसा, किर्शेनलायबाखला उतरा, तिथून छोटी गाडी आहे बायरॉइटला. चला, चला."

तो चढला. गाडी सुटली. ती म्हणाली, "तिकीट?"

"फोनमध्ये आहे."

"मग फोन?"

"जाकिटात. जाकीट पुढच्या गाडीत."

"मग इथे तुमचं आहे काय?"

"मीच," हेनिंग म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग वही काढून नाव-पत्ता लिहून घेतला. तो सांगत गेला, शंकू, निळी चादर, उद्याची शाळा. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. पुढच्या गाडीतल्या सहकाऱ्याला तिने एकदा फोन लावला, मग दुसऱ्यांदा. "दरी आहे तिकडे. लागत नाही," ती म्हणाली. "माझ्या मुलाच्या शंकूवर व्हेल मासा होता. शाळेच्या दारातच शेपटी तुटली." धीर द्यायला म्हणाली असावी. हेनिंगला मात्र आता तुटलेला आकडाच दिसायला लागला.

बाहेर जंगल मागे सरत होतं. ड्रेस्लरबाई उतरून जातील. त्यांना पुढे गावाची बस धरायची होती. त्या काय परक्याचं लोढणं घेऊन बसणार? शंकू सीटवर राहील. कोणीतरी येऊन तो हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत टाकेल, आणि ती खोली उघडायच्या आत फ्रिट्झी शाळेच्या अंगणात उभी असेल. दुकानातला शंकू घेऊन. त्याच्यावर बहुतेक शिंगवाला घोडा असेल, आणि नावाचं एकही अक्षर घसरलेलं नसेल. कारोला स्टेशनवर येणार होती, शंकू गुपचूप गाडीच्या डिकीत टाकायला. तिच्यासमोर पुढचा भाग येईल, रिकामा होईल, आणि हेनिंग त्यात नसेल. ती चिडणारही नाही. नुसतं "बरं" म्हणेल.

किर्शेनलायबाखला अकरा मिनिटं थांबायचं होतं. तो फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा चालला कोण जाणे. छोट्या गाडीत जागा होती तरी तो दारापाशीच उभा राहिला.

बायरॉइट आलं तेव्हा गाडी थांबायच्या आधीच त्याला बाक दिसला. बाकावर ड्रेस्लरबाई. त्यांच्या गुडघ्यांत उभी धरलेली निळी चादर, तिच्या खांद्यावर त्याचं जाकीट. आणि त्यांच्या शेजारी, पाय हलवत आलुबुखारचा केक खात बसलेली फ्रिट्झी.

संपलं, त्याला वाटलं. पाहिलं तिने.

"पापा," फ्रिट्झी धावत आली. "तू मागच्या गाडीत कशाला बसलास? पुढचीच गाडी इथे येते. मला पण माहितीये."

तो काही बोलायच्या आत बाकावरून आवाज आला. "अहो, तुमची लेक फार गुणी आहे. माझा दिवा धरून बसली इतका वेळ. उभा दिवा आहे, घरी कोपऱ्यात ठेवायला." ड्रेस्लरबाईंनी चादरीची गाठ आणखी घट्ट केली. त्यांची नजर त्याच्यावर रोखलेली होती, आता तोंड मिटून राहा अशी.

कारोला हाताची घडी घालून खांबाशी उभी होती. तो जवळ गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "तुला फोन केला तर या बाईंनी उचलला. म्हणाल्या, तुमचा माणूस मागे गेला, सामान पुढे आलंय."

"आणि ही कशी काय आली?"

"ऐकतेय होय? पापा येणार आणि मी घरी बसू, म्हणाली." मग जरा थांबून, "त्यांची बस गेली. शंकू माझ्या हातात देऊन त्यांना जाता आलं असतं. पण हिच्यासमोर कसा देणार? बसून राहिल्या."

हेनिंग बाईंकडे वळला. त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"चला, मी सोडते तुम्हाला," कारोलाच म्हणाली. "एवढा दिवा घेऊन कुठे जाणार तुम्ही?"

पुढच्या सीटवर ड्रेस्लरबाई बसल्या, मांडीत शंकू. मागे हेनिंग आणि फ्रिट्झी. तिने त्याचं एक बोट मुठीत घेतलं होतं. चिकट होती मूठ. दार लावता लावता कारोला त्याच्याकडे वाकून पुटपुटली, "दुकानातला परत घेतात. पावती आहे."

गाडी सुरू झाली. फ्रिट्झीने पुढच्या दोन सीटांमधून डोकं घातलं.

"आजी, तुमचा दिवा लागतो का?"

"उद्या सकाळी लागेल."

"खूप हलका आहे. मी उचलून बघितला. आत काहीतरी खडखडतं."

ड्रेस्लरबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. कारोलाने मान वळवून गाडी मागे घेतली, आरसा नीट केला.

"बल्ब असेल," ती म्हणाली.