पलंगावरची सावली

मोठ्या वादळात विजेची मुख्य लाइन पडली. ती पुन्हा कुणी उभी केली नाही, तेव्हा वसाहतीनं स्वतःची पवनचक्की उभारायचं ठरवलं. जागा ठरवायच्या सभेत वसाहतीतला पुस्तकांचा बाइंडर मागच्या बाकावर बसून होता. त्याच्या बायकोनं मात्र आपल्या घरामागच्या उंचवट्यासाठी दोन्ही हात वर केले. "आमच्या ह्यांना भीड वाटते, म्हणून एक त्यांचा," असं ती म्हणाली आणि सभा हसली. चक्की तिथंच आली. ती सांभाळायचं काम बाइंडरच्या धाकट्या भावाकडे गेलं.

पुढे बायकोच्या मेंदूत गाठ निघाली. दिवस कलताना पात्यांची सावली खिडकीतून येऊन तिच्या पलंगावर सपासप फिरायची आणि त्या उघडझापीनं तिला फिट यायची. प्रत्येक फिट तिला थोडं थोडं संपवते आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दुसरी खोली म्हणजे बाइंडिंगचं दुकान, वर पत्रा; दुपारी तिथली खळसुद्धा वाळून कडक व्हायची. डोळ्यांवर पट्टी बांधली तर ती घाबरून ओढून काढायची. मग बाइंडरनं खिडकीला पुठ्ठे लावले, फटींवर काळं कापड चिकटवलं. सावली थांबली, पण खोलीची भट्टी झाली. उन्हाळे वर्षागणिक चढतच होते. पुठ्ठे लाव, काढ, पुन्हा लाव, यातच त्याचे दिवस जात होते, आणि आपण करतो ते बरोबर की चूक, हे त्याला एकदाही उमगलं नाही.

शेवटी तो भावाकडे गेला. कलत्या उन्हात घडीभर चक्की थांबवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. तिथवर पोचायला त्यानं इकडचंतिकडचं बरंच बोलून घेतलं. भावाच्या ते आधीच लक्षात आलं होतं. आताशा वारा सुटतो तो त्याच वेळी, तेवढ्यात पंप चालवून टाकी भरली नाही तर वसाहतीला पाणी नाही, असं त्यानं समजावलं.

"दुसऱ्या कुणाला मी सरळ नाही म्हटलं असतं, दादा," तो म्हणाला. "तुलाही नाहीच म्हणतोय. फक्त वेळ लागतोय."

भावाचंही बरोबर आहे, असं त्यानं घरी येऊन बायकोला सांगितलं.

"तुम्हाला सगळ्यांचंच बरोबर वाटतं," ती म्हणाली.

एका दुपारी ऊन कलताना उकाड्यानं तिचा जीव घाबरा झाला. बाइंडरनं पुठ्ठे काढले. वारा आत आला, सावलीही आली, आणि या वेळची फिट थांबेचना. वहिनीला पाहायला आलेला धाकटा दारातूनच मागे फिरला, उंचवटा चढला आणि त्यानं ब्रेकचा दांडा खाली ओढला.

पाती थांबली. पलंगावर ऊन हललं नाही. हळूहळू तिचं अंग सैल पडलं.

नळ कोरडे पडले तशी माणसं बादल्या घेऊन चक्कीपाशी जमली. वहिनीला बरं नाही, जरा थांबा, असं धाकट्यानं सांगितल्यावर कुणीच आवाज चढवला नाही. घराच्या मागच्या भिंतीच्या कडेला सगळी बसून राहिली. आत बाइंडरला हे सगळं ऐकू येत होतं. ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तिचा श्वास कधी थांबला, ते त्याला नीट कळलं नाही. कळल्यावरही तो उठला नाही. बाहेर वारा फुकट जात होता. तिच्याजवळ असं शांत उजेडात बसायला खूप दिवसांत मिळालं नव्हतं. आपला एवढा हक्क आहे का, याचा तो विचार करत राहिला. ठरेना, तेव्हा उठून बाहेर आला.

"सुरू कर," तो म्हणाला.

"वहिनी?"

"आता चालेल."

धाकट्याचा हात काही दांड्याकडे जाईना. म्हणून बाइंडरनंच दांडा वर ढकलला. वारा निम्मा पडला होता. पाती आळसावल्यासारखी फिरली, आणि अंधार पडायच्या आत थांबली.

टाकी अर्धीही भरली नाही. बायकोला शेवटची आंघोळ घालायची, म्हणून पाणी आणायला तो नळावर गेला, तेव्हा रांगेनं त्याला वाट करून दिली. बादली अर्धी भरताच त्यानं नळ बंद केला.